दंड वाढवून शिस्त येत नाही : वागणुकीच्या शास्त्राचे दहा मुद्दे

चौकात सिग्नल मोडले जातात, म्हणून दंडाची रक्कम वाढवा. वर्गात मुले ऐकत नाहीत, म्हणून मास्तरांच्या हाती छडी परत द्या. ओढ्यात प्लास्टिक टाकले जाते, म्हणून कैदेची तरतूद करा. ग्रामसभा असो की विधानसभा, शिस्तीचा विषय निघाला की आपली चर्चा शिक्षेच्या आकारावर येऊन थांबते. माणूस वागायला शिकतो तरी कसा, हे त्या चर्चेत कुणी विचारत नाही. या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास सव्वाशे वर्षांपासून चालू आहे. त्यातली मूलतत्त्वे आपल्या कनिष्ठ महाविद्यालयांत मानसशास्त्राच्या तासाला शिकवलीही जातात. पण शाळेचे नियम, महापालिकेचे ठराव आणि सरकारच्या अधिसूचना लिहिताना त्यांची आठवण ठेवली जात नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे : लोकांचे वागणे बदलायचे असेल तर शिक्षेचा आकार वाढवण्याआधी परिणामाची खात्री, योग्य वागण्याची सोय आणि डोळ्यांसमोरचे उदाहरण या तीन गोष्टींवर पैसा आणि बुद्धी खर्च करावी. त्यामागची कारणे मुद्द्यांनी मांडतो.

१. वागणे स्वभावापेक्षा परिणामांतून घडते

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. भुकेल्या मांजराला लाकडी पट्ट्यांच्या पेटीत कोंडायचे आणि अन्न बाहेर ठेवायचे. पेटीचे दार आतली दोरी ओढली किंवा खटका दाबला की उघडे. मांजर आधी ओरबाडे, चावे, धडपडे आणि त्या धडपडीत योगायोगाने दार उघडे. तेच मांजर पुन्हा पुन्हा कोंडल्यावर निरुपयोगी हालचाली गळत गेल्या आणि सुटायला लागणारा वेळ कमी होत गेला. यातून थॉर्नडाइक यांनी परिणामाचा नियम मांडला : ज्या कृतीमागून समाधान मिळते ती कृती तशाच परिस्थितीत पुन्हा घडण्याची शक्यता वाढते. पुढे बी. एफ. स्किनर यांनी याच धाग्यावर साधक अभिसंधानाचे, म्हणजे परिणामांतून होणाऱ्या शिकण्याचे, शास्त्र उभे केले आणि वागणे बळकट करणाऱ्या परिणामाला प्रबलन हे नाव रूढ झाले.

या नियमाचा नागरी अर्थ मोठा आहे. ‘आपल्या लोकांना शिस्तच नाही’ असे आपण सहज म्हणतो. पण एस.टी. स्थानकावर खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारा माणूस मेट्रोच्या फलाटावर आखलेल्या रेषेमागे उभा राहतो. रस्त्यावर थुंकणारा माणूस मॉलच्या फरशीवर थुंकत नाही. माणूस बदललेला नसतो, त्याच्याभोवतीची परिस्थिती आणि त्याच्या कृतीचे परिणाम बदललेले असतात. स्वभावाला दोष दिला की यंत्रणेची जबाबदारी तिथेच संपते. म्हणून कुठल्याही वाईट सवयीबद्दल पहिला प्रश्न हा विचारावा : या वागण्यातून माणसाला आत्ता काय मिळते आहे आणि नीट वागल्यावर काय मिळते?

२. शिक्षा वागणे दाबते, नवे वागणे शिकवत नाही

समाधान वागणे घट्ट करते तसा त्रास ते पुसून टाकतो, असे थॉर्नडाइक यांना सुरुवातीला वाटत होते. स्वतःच्याच पुढच्या प्रयोगांनंतर १९३० च्या दशकात त्यांनी हा दुसरा भाग सोडून दिला. स्किनर यांच्या १९३८ च्या ग्रंथात एक प्रयोग आहे. खटका दाबला की अन्न मिळते हे शिकलेल्या उंदरांचे अन्न बंद केले. त्यातल्या काहींना सुरुवातीचा थोडा वेळ खटका दाबताच पंज्यावर फटका बसे. फटका बसत होता तोवर त्यांचे दाबणे मंदावले. फटका थांबल्यावर ते पुन्हा वाढले आणि शेवटी फटका खाल्लेल्या आणि न खाल्लेल्या उंदरांनी एकूण जवळपास सारख्याच वेळा खटका दाबला. नंतरच्या संशोधनात असेही दिसले की तीव्र आणि अचूक शिक्षेचा दाब बराच काळ टिकू शकतो. पण दाब टिकला तरी त्या जागी कोणते वागणे यावे, हे शिक्षा सांगत नाही.

वर्गात हेच घडते. गृहपाठ न आणल्याबद्दल मार खाल्लेले मूल गृहपाठ कसा करायचा हे त्या मारातून शिकत नाही. ते खोटे बोलायला शिकते, शाळा बुडवायला शिकते, मित्राची वही उतरवायला शिकते. कारण या तिन्ही गोष्टींनी मार टळतो. मार टळणे हाही एक फायदा आहे आणि फायदा देणारी कृती पक्की होते.

शिक्षकाच्या बाजूनेही हाच नियम चालतो. छडी उगारताच वर्ग गप्प होतो. ही शांतता तात्काळ मिळते आणि शिक्षकाच्या हाताला छडीची सवय लावते. म्हणजे मारातून सर्वांत पक्के शिकतो तो मारणारा. आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांना छडी उपयोगी वाटत आली, त्याचे हे एक मोठे कारण आहे. मारण्याचा लाभ लगेच दिसतो, नुकसान काही वर्षांनी दिसते.

या नुकसानीचाही हिशेब झाला आहे. २०१६ मध्ये एलिझाबेथ गेर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी पालकांकडून मुलांना बसणाऱ्या माराविषयीचे ७५ अभ्यास एकत्र तपासले. त्यांत सुमारे १ लाख ६० हजार मुलांची माहिती होती. माराचा संबंध अधिक आज्ञाधारकपणाशी दिसला नाही. तो आक्रमकपणा, समाजविरोधी वागणे आणि मानसिक त्रास यांच्याशी दिसला. अशा अभ्यासांतून कारण आणि परिणाम यांचा निर्णायक पुरावा मिळत नाही हे मान्य केले, तरी माराच्या बाजूने बोलणाऱ्यांच्या हाती त्यात काही लागत नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई केली आहे. हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. ‘कायद्याने हात बांधले’ अशी तक्रार काही शिक्षक करतात. कायद्याने काढून घेतलेले साधन मुळात शिकवण्याचे साधनच नव्हते, हे प्रशिक्षणातून त्यांना कुणी सांगितले नाही. दोष त्या प्रशिक्षणाचा आहे.

३. भीती चुकीला चिकटत नाही, विषयाला चिकटते

रशियन शरीरशास्त्रज्ञ इव्हान पावलोव्ह यांना १९०४ चे नोबेल पारितोषिक पचनक्रियेवरच्या संशोधनासाठी मिळाले. त्याच संशोधनात त्यांना दिसले की अन्न तोंडात पडण्याआधीच, अन्न येणार असल्याच्या खुणेनेही कुत्र्याला लाळ सुटते. दोन गोष्टी वारंवार एकापाठोपाठ आल्या की पहिली गोष्ट दुसरीची वर्दी देऊ लागते आणि शरीर आधीच तयारी करते. याला अभिजात अभिसंधान म्हणतात.

फळ्यापाशी उभे करून, गणित चुकल्यावर, सगळ्या वर्गासमोर अपमान झालेले मूल ‘हातचा विसरू नये’ एवढेच शिकेल अशी शिक्षकाची अपेक्षा असते. पण त्याच्या शरीरात अपमानाशी जोडले जातात ते फळा, खडू, गणिताचा तास आणि शिक्षकांचा आवाज. पुढे पुस्तक उघडले तरी छातीत धडधडते. धडधडणाऱ्या छातीने हिशेब सुचत नाही, पुन्हा चूक होते, पुन्हा अपमान होतो. ‘याचे गणित कच्चे आहे’ असा शिक्का मग दहावीपर्यंत पुसला जात नाही.

भीती जशी शिकता येते तशी ती सोडवताही येते. मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ मध्ये सशाला घाबरणाऱ्या एका लहान मुलाचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. मूल आवडीचे खात असताना ससा आधी लांब ठेवला, मग रोज थोडा जवळ आणला. अखेर मूल सशाला हात लावू लागले.

आपल्याकडे पालघरच्या पट्ट्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडला केलेले काम मला या संदर्भात फार मोलाचे वाटते. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी पालकांना धाक घातला नाही. अंगणवाडी पाड्यात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरवली. परिचित जागा, परिचित वस्तू, पाने, बिया, गाणी यांच्या सोबतीने शिक्षण आले, तेव्हा शाळेविषयीचा बुजरेपणा कमी झाला. आज शाळाबाह्य मुलांच्या यादीला केवळ ‘गैरहजर’ म्हणून पाहणाऱ्या यंत्रणेने या कामाकडून शिकावे.

४. शिक्षा करायचीच असेल तर खात्री आणि तत्परता रकमेपेक्षा महत्त्वाची

काही ठिकाणी दंड लागतोच. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला समजुतीच्या गोष्टी सांगून भागणार नाही. पण दंड कधी परिणाम करतो? इटालियन विचारवंत चेझारे बेकारिया यांनी १७६४ मध्येच लिहिले होते की गुन्ह्याला आळा घालते ती शिक्षेची खात्री, तिचे क्रौर्य नाही. वर्तनशास्त्राने त्यात तत्परतेची भर घातली : कृती आणि परिणाम यांच्यातले अंतर वाढले की परिणामाचा जोर ओसरतो.

आता आपल्याकडचे चित्र पाहा. केंद्राने २०१९ मध्ये मोटार वाहन कायदा दुरुस्त केला. विनापरवाना गाडी चालवण्याचा दंड ५०० रुपयांवरून ५,००० वर गेला, दारू पिऊन चालवण्याचा पहिल्या गुन्ह्याचा दंड २,००० वरून १०,००० पर्यंत गेला. महाराष्ट्राने प्लास्टिकबंदीची अधिसूचना २३ मार्च २०१८ रोजी काढली. तीत पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये, दुसऱ्याला १०,००० आणि तिसऱ्याला २५,००० रुपये व तीन महिन्यांपर्यंत कैद अशी चढती भाजणी आहे. कागदावर हे आकडे मोठे आहेत. पण भाजीवाल्याकडे पातळ पिशवी मागितल्यावर ती मिळते आणि काहीही होत नाही, हा अनुभव माणूस रोज घेतो. सिग्नल तोडल्यावर दोन मिनिटे आत्ताच वाचतात. चलनाचा संदेश नंतर केव्हातरी मोबाईलवर येतो, तो न भरता गाडी तशीच फिरत राहते आणि लोक अदालतीत तडजोड होईल अशी आशाही असते.

शंभर वेळा नियम मोडून एकदा ५,००० रुपये भरावे लागणे आणि प्रत्येक वेळी त्याच जागी १०० रुपये भरावे लागणे, यांत दुसरा दंड अधिक शिकवतो. मोठ्या दंडाचा आणखी एक तोटा आहे. रक्कम जितकी मोठी, तितका जागच्या जागी चिरीमिरी देऊन सुटण्याचा मोह मोठा. म्हणून दंड लहान असावा, चुकवता न येणारा असावा आणि त्याच दिवशी कळणारा असावा.

५. कधीमधी मिळणारे फळ सर्वांत चिवट सवय लावते

चार्ल्स फर्स्टर आणि स्किनर यांनी १९५७ मध्ये प्रबलनाच्या वेळापत्रकांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातली एक गोष्ट प्रत्येक पालकाने आणि प्रत्येक नगरसेवकाने लक्षात ठेवावी. दर वेळी फळ मिळत असेल आणि ते बंद झाले, तर वागणे लवकर थांबते. फळ अनियमितपणे, कितव्या प्रयत्नाला मिळेल ते ठाऊक नसताना मिळत असेल, तर फळ बंद झाल्यावरही वागणे दीर्घकाळ चालू राहते.

जुगार याच नियमावर उभा आहे. मोबाईलवरच्या पैशांच्या खेळांनी आपल्या गावागावांतल्या तरुणांना याच नियमाने बांधले. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, ते योग्यच झाले. पण याच धाटणीची रचना रील्स आणि सूचनांच्या घंटीत शिल्लक आहे. बोट सरकवत राहिले की कधीतरी फार आवडेल असे काही दिसते, म्हणून बोट थांबत नाही.

शासनाचे वागणेही हाच धडा देते. अनधिकृत बांधकामाला नोटीस, मग स्थगिती, मग काही वर्षांनी नियमितीकरण. गुंठ्यागुंठ्यांचे अनधिकृत प्लॉट नियमित करणारा गुंठेवारीचा कायदा २००१ मध्ये आला तेव्हा त्याची मुदतरेषा १ जानेवारी २००१ ही होती. २०२१ मध्ये ती ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे आणली गेली. परवडणारे घर न मिळाल्याने गुंठ्यात प्लॉट घेणाऱ्या कष्टकरी कुटुंबांना वाऱ्यावर सोडावे असे मी म्हणत नाही. त्यांना कायदेशीर घर मिळण्याची वाट सरकारने आधीच रुंद करायला हवी होती. पण ‘आधी बांधा, पुढेमागे माफी मिळेल’ हा धडा बेकायदा प्लॉट पाडून विकणाऱ्यांनी पक्का शिकला आहे आणि तो शासनानेच शिकवला आहे.

६. दंड कधीकधी दर बनतो, बक्षीसही कधीकधी ओढ मारते

इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या दहा पाळणाघरांचा अभ्यास उरी नीझी आणि आल्दो रुस्तिकिनी यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केला. मुलांना न्यायला उशीर करणाऱ्या पालकांना काही पाळणाघरांनी दहा शेकेल दंड लावला. उशीर कमी होण्याऐवजी वाढला आणि जवळपास दुप्पट झाला. दंड काढून टाकल्यावरही तो पूर्वीच्या पातळीवर आला नाही. आधी उशीर झाला की शिक्षिकेपुढे संकोच वाटे. दंड आल्यावर जादा वेळेचे पैसे मोजले की झाले, अशी भावना झाली. आपल्याकडे नदीपात्रात राडारोडा टाकणारा ठेकेदार दंडाची रक्कम खर्चातच धरत असेल, तर त्याच्यापुरता तो दंड राहिलेला नाही, परवान्याचे शुल्क झालेला आहे.

मग बक्षिसांचा वर्षाव करावा का? तेही सरळ नाही. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ मध्ये चित्रे काढण्याची आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांवर प्रयोग केला. ज्या मुलांना ‘चित्र काढलेस तर प्रशस्तिपत्र मिळेल’ असे आधी सांगितले होते, ती मुले पुढे मोकळ्या वेळात इतरांच्या मानाने चित्रांकडे कमी वळली. अचानक बक्षीस मिळालेल्या मुलांची आवड मात्र कमी झाली नाही. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी बालशिक्षणात शिक्षा आणि बक्षीस या दोन्हींना दूर ठेवले होते, त्यामागचे शहाणपण यातून उमगते.

गावांच्या बाबतीतही हा धडा आहे. हागणदारीमुक्त गावांना दिला गेलेला निर्मल ग्राम पुरस्कार मिळवण्यात महाराष्ट्रातली गावे देशात आघाडीवर होती. पण पुरस्काराची कमान उभी राहिल्यावर अनेक गावांत संडासाचा वापर घसरला. बाहेरून दिलेले बक्षीस सवय सुरू करायला उपयोगी आहे. ती टिकते तेव्हा, जेव्हा कृतीचे फळ कृतीतूनच मिळते : स्वच्छ संडास, हाताशी पाणी, आजारपण कमी, बायाबापड्यांना अंधाराची वाट पाहावी न लागणे.

७. माणूस पाहून शिकतो आणि सर्वांत जास्त मोठ्यांना पाहून

अल्बर्ट बांडुरा यांनी १९६१ मध्ये स्टॅनफर्डच्या बालवाडीतल्या ७२ मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. मोठ्या माणसाला हवा भरलेल्या बाहुल्याला ठोकताना पाहिलेल्या मुलांनी पुढे तसेच केले. १९६५ च्या पुढच्या प्रयोगाची चर्चा कमी होते, पण तो अधिक शिकवतो. मारणाऱ्या माणसाला शिक्षा झालेली पाहिल्यावर मुलांनी कमी अनुकरण केले. मात्र ‘त्याने काय केले ते दाखव, खाऊ मिळेल’ असे म्हटल्यावर त्याच मुलांनी जवळपास सगळे करून दाखवले. म्हणजे ती शिकली होतीच, फक्त संधीची वाट पाहत होती.

हे आपल्या संतांना प्रयोगशाळेवाचून ठाऊक होते. गाडगेबाबा (१८७६–१९५६) गावात आले की आधी खराटा हातात घेत. दिवसभर रस्ते झाडत. त्यांना पाहून गावकरी मागे येत. रात्री कीर्तन होई, तेव्हा सांगायच्या गोष्टी गावाने दिवसा पाहिलेल्या असत. शासनाने २०००-०१ पासून त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान चालवले आणि ते गाजले, कारण त्यात गावे स्वतः खराटे घेऊन उतरली.

आता उलट बाजू. बेकायदा फलकांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सविस्तर आदेश दिले. तरीही वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फलक चौकाचौकात लागतात आणि त्यांवरचे चेहरे नियम करणाऱ्यांचेच असतात. हेल्मेटशिवाय गाडीवर बसलेला पोलीस, उलट दिशेने घुसणारी सरकारी गाडी, शाळेच्या फाटकाशी दुचाकीवर तिघांना बसवून नेणारा पालक हे सगळे शिक्षकच आहेत. रस्ता सुरक्षेच्या शंभर भाषणांपेक्षा त्यांचा एक फेरा मुलांना अधिक शिकवतो.

८. सोय नसेल तिथे सवय मागणे अन्याय आहे

वागण्याआधी काय असते, हाही शिकण्याचा अर्धा भाग आहे. पादचारी पूल चढून जायला दहा मिनिटे आणि दुभाजक ओलांडायला एक मिनिट, अशी रचना करून आजोबांना शिस्त शिकवता येत नाही. पदपथावर गाड्या, विजेच्या पेट्या आणि दुकानांचा माल असेल तर माणूस रस्त्यावरून चालणारच. बाजारपेठेत कचरापेटी नसेल, शाळेत मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी नसेल, झेब्रा पट्टे पुसले गेले असतील, तर तिथे योग्य वागण्याला जागाच ठेवलेली नसते. जी कृती सोपी आणि समोर असते ती घडते. म्हणून दंडाची पावती छापण्याआधी योग्य वागण्याची वाट उपलब्ध आहे की नाही, हे तपासणे ही यंत्रणेची कायदेशीर नसली तरी नैतिक अट मानली पाहिजे.

९. उत्तर न मिळणारा नागरिक गप्प बसायला शिकतो

मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी १९६७ मध्ये दाखवले की टाळता न येणारे विजेचे झटके सोसलेली कुत्री पुढे सुटका शक्य असतानाही हलत नाहीत, पडून राहतात. याला शिकलेली असहायता म्हटले गेले. जवळपास पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये, मेंदूवरच्या संशोधनाच्या आधारे त्यांनीच ही मांडणी उलटी केली. दीर्घ त्रासात निश्चल होणे ही प्राण्याची मूळ प्रतिक्रिया असते. शिकावे लागते ते हे, की आपल्या कृतीने फरक पडतो.

लोकशाहीसाठी याहून महत्त्वाचा धडा मला दिसत नाही. खड्ड्याची तक्रार केली, उत्तर नाही. पुन्हा केली, ‘तक्रार निकाली’ असा संदेश आला, खड्डा तसाच. तिसऱ्यांदा तो नागरिक तक्रार करत नाही, चौथ्यांदा तो मतदानालाही जात नाही. त्याला उदासीन म्हणणे चूक आहे. त्याला कृतीचा परिणाम दिसलेला नाही. २०१५ चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम ठरलेल्या मुदतीत सेवा देण्याचे बंधन घालतो. जिथे तो प्रामाणिकपणे राबवला जातो तिथे दाखला वेळेत मिळतोच, शिवाय ‘मी विचारले तर यंत्रणा हलते’ हे नागरिक शिकतो.

नागरिक शिकतो ते टिकावे कसे, याबद्दल आणखी एक. हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखवले होते की शिकलेले झपाट्याने विसरले जाते आणि एका बैठकीत कोंबण्यापेक्षा अंतर ठेवून केलेली उजळणी अधिक टिकते. तरीही आपण रस्ता सुरक्षा एका महिन्यात आणि स्वच्छता एका पंधरवड्यात उरकतो. बारा महिने, दर आठवड्याला थोडे, असे त्याचे वेळापत्रक हवे.

१०. ‘माणूस म्हणजे उंदीर नव्हे’ हा आक्षेप

हा आक्षेप खरा आहे आणि तो याच शास्त्राने आधी घेतला. एडवर्ड टोलमन आणि चार्ल्स हॉन्झिक यांनी १९३० मध्ये दाखवले की बक्षिसाशिवाय भूलभुलैयात नुसते फिरलेले उंदीरही वाटा मनात साठवतात आणि अन्न ठेवल्याबरोबर ते ज्ञान वापरतात. उंदीर जर नकाशा बनवत असेल, तर माणूस अर्थ बनवतो. त्याला नियमामागचे कारण कळले पाहिजे, नियम ठरवताना विचारले गेले पाहिजे. म्हणून वर्तनाचे नियम वापरताना तीन बंधने पाळावीत : जे करायचे ते उघडपणे करावे, ज्यांच्यावर करायचे त्यांच्या संमतीने करावे आणि उपयोग झाला की नाही ते मोजून जाहीर करावे. जाहिरातदार आणि ॲपवाले हेच नियम आपल्यावर गुपचूप वापरत आहेत. शाळा आणि शासन अज्ञानी राहिल्याने आपले स्वातंत्र्य वाचत नाही.

मग काय करावे?

शाळांनी : प्रत्येक शिक्षकाला सेवांतर्गत प्रशिक्षणात वर्गव्यवस्थापनाचा प्रात्यक्षिक भाग द्यावा. चुकलेल्या मुलाला खासगीत सांगावे, जमलेल्या पायरीची नेमकी दखल त्याच वेळी घ्यावी. वर्गाचे नियम मुलांसोबत ठरवावेत.

महापालिका आणि वाहतूक पोलिसांनी : दंडवाढीच्या प्रत्येक प्रस्तावासोबत दोन आकडे जाहीर करावेत. सध्या नियम मोडणाऱ्यांपैकी किती पकडले जातात आणि दंड किती दिवसांत वसूल होतो. आधी ते सुधारावेत. कुठे पदपथ, पेटी, पट्टे नाहीत याची प्रभागवार यादी लावावी.

लोकप्रतिनिधींनी : आपल्या चेहऱ्याचा एकही बेकायदा फलक लागणार नाही असे जाहीर करावे आणि लागलाच तर स्वतः उतरवावा.

पालकांनी : नाही म्हटले की नाहीच आणि हो म्हटले की लगेच हो. दहाव्या हट्टाला दिलेला मोबाईल मुलाला दहा हट्ट करायला शिकवतो.

पुढच्या ग्रामसभेत, पालकसभेत किंवा प्रभागसभेत कुणी ‘कडक शिक्षा करा’ म्हणून उभे राहिले, तर तुम्हीही उभे राहा आणि तीन प्रश्न विचारा. नीट वागायची सोय आहे का? चुकल्यावर परिणाम नक्की आणि लगेच होतो का? नियम करणारे तो स्वतः पाळतात का? या तिन्हींची उत्तरे होकारार्थी मिळत नाहीत तोवर दंड वाढवण्याच्या ठरावाला हात वर करू नका.